खाँसाहेब अब्दुल करीमखाँ आणि त्यांच्या ध्वनिमुद्रिका

कवी जातो, पण त्याचे काव्य कागदावर राहते. शिल्पकार जातो, पण त्याने घडविलेली मूर्ती शतकानुशतके देवळात उभी असते. गवयाच्या वाट्याला मात्र हे भाग्य फार काळपर्यंत आले नव्हते. त्याचे गाणे त्याच्या श्वासाबरोबर जन्मास यावे आणि श्वासाबरोबरच हवेत विरून जावे, अशीच सृष्टीची रीत होती. तानसेनाचा गळा कसा होता हे आज कोणीही सांगू शकणार नाही. ही रीत मोडली ती ग्रामोफोनच्या तबकडीने. ह्या तबकडीमुळे ज्यांचा स्वर मृत्यूनंतरही महाराष्ट्राच्या घराघरांत नांदला, अशा गवयांत किराणा घराण्याचे थोर गायक खाँसाहेब अब्दुल करीमखाँ ह्यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचे चरित्र आमच्या विद्यार्थी वाचकांस व त्यांच्या पालकांस थोडक्यात सादर करावे, असे आम्ही योजिले आहे.

अब्दुल करीमखाँ ह्यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ रोजी उत्तर हिंदुस्थानातील किराणा ह्या गावी झाला. हे गाव यमुनेच्या पश्चिमेस नव्हे, तर पूर्वेस, पूर्वीच्या मुजफ्फरनगर जिल्ह्यात आहे. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या गाणे व सारंगी चालत आलेली होती. वडील काले खाँ व चुलते अब्दुल्ला खाँ ह्यांच्यापाशी मुलाचे शिक्षण झाले. गळ्याबरोबर हातही तयार झाला आणि सारंगी व बीन ही दोन्ही वाद्ये ते वाजवू लागले. आरंभीच्या काळात ते एकटे गात नसत. धाकटे बंधू अब्दुल हक ह्यांच्यासह जोडीने गाण्याची त्यांची पद्धत होती. एकाने स्वर उचलावा, दुसऱ्याने तो झेलावा आणि पुढे न्यावा, अशी ही भावांची जोडी गावोगाव फिरत १८९४ च्या सुमारास बडोद्यास पोचली. सयाजीराव महाराजांच्या दरबारात गुणांची पारख होत असे. तेथे ह्या जोडीस आश्रय मिळाला.

बडोद्याचा आश्रय सुखाचा होता, पण तो फार दिवस टिकला नाही. सरदार घराण्यातील ताराबाई माने ह्यांच्याशी खाँसाहेबांनी संसार मांडला, आणि त्यापायी बडोदे सोडावे लागले. मुंबईचा मुक्काम आटोपून ते मिरजेस आले. मिरज हे त्या काळी गाण्याचे मोठे क्षेत्र होते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी तेथे शिष्य तयार केले होते, आणि तंबोरे व सतारी घडविणाऱ्या तेथील कारागिरांची कीर्ती दूरवर गेली होती. ह्या मिरजेत खाँसाहेब प्लेगने आजारी पडले असता ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या छायेत त्यांस आराम पडला, अशी श्रद्धा आहे. तेव्हापासून ते गाव त्यांचे झाले. जन्माने ते उत्तरेकडचे खरे, पण पुढचे सारे आयुष्य त्यांनी मराठी व कानडी मुलखात घालविले, आणि त्यांच्या शिष्यांतही बहुतेक ह्याच मुलखातले होते.

आता तबकडीकडे वळू. हिंदुस्थानात ग्रामोफोन कंपनीचे मुद्रक पहिल्याने आले ते १९०२ साली, कलकत्त्यास. गोहरजान ह्या गायिकेचे गाणे त्यांनी त्या वर्षी मुद्रित केले. त्या काळी वीज वापरणारा ध्वनिक्षेपक नव्हता. एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी गवयाने तोंड नेऊन मोठ्याने गावे; त्या आवाजाने कर्ण्याच्या निमुळत्या टोकाशी असलेला पडदा थरथरावा, पडद्याला जोडलेली सुई हलावी, आणि फिरत्या मेणाच्या चकतीवर त्या सुईने नागमोडी रेघ कोरावी, अशी ही युक्ती होती. सूर हलका लागला तर तो मेणावर उमटत नसे, आणि चूक झाली तर चकती टाकून देऊन पुन्हा आरंभ करावा लागे.

मेणाच्या ह्या एका चकतीवरून हजारो तबकड्या कशा निघत, हे पेणच्या मुलांस समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत कारागीर प्रथम एक मूर्ती हाताने घडवितो, तिच्यावरून साचा घेतो, आणि मग त्या साच्यातून एकासारख्या एक मूर्ती निघतात. तबकडीचेही तसेच आहे. मेणावर उमटलेल्या रेघेवरून धातूचा साचा तयार करीत आणि त्या साच्याखाली लाखेचे मिश्रण दाबून तबकड्या काढीत. ही लाख आपल्याच देशातील रानांत, झाडांवरील किड्यांपासून मिळते. आरंभीच्या वर्षांत मेणाच्या चकत्या आगबोटीने जर्मनीस हानोव्हर येथे जात व तयार तबकड्या होऊन परत येत. पुढे १९०८ साली कलकत्त्यास कारखाना निघाला तेव्हा हा फेरा चुकला.

ह्या नव्या यंत्राविषयी जुने गवई साशंक होते. यंत्र गळ्यातील तेज ओढून घेते अशी काहींची समजूत होती. घराण्याची ठेवणीतील चीज कोणासही ऐकू गेली तर तिची चोरी होईल, ही भीती त्याहून मोठी होती. शिवाय जो राग मैफलीत घटका दोन घटका चालायचा, तो तीन मिनिटांत कसा मावणार? दहा इंची तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटांचे गाणे बसत असे. तरीही १९०५ च्या सुमारास, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षाच्या आसपास, खाँसाहेब ह्या कर्ण्यापुढे बसले आणि त्यांनी आपला आवाज मेणावर उमटवू दिला. ते तरुण वयाचे गाणे होते. गळ्यात वेग होता, दम होता. पण पुढे लोकांनी ज्याच्यासाठी त्यांस डोक्यावर घेतले, तो अंतःकरणास भिडणारा शांत स्वर अद्याप यावयाचा होता. त्या कर्ण्याला हळुवार सूर ऐकूही आला नसता.

ह्यानंतरच्या सुमारे तीस वर्षांत खाँसाहेबांनी काय केले, हे नीट पाहिले पाहिजे; कारण पुढे तीन मिनिटांत जे गाणे त्यांनी भरले, त्याची साठवण ह्या वर्षांत झाली. पहिली गोष्ट म्हणजे स्वराचा ध्यास. दोन तंबोरे परस्परांशी तंतोतंत जुळल्यावाचून ते गावयास आरंभ करीत नसत, आणि वाद्य बिघडले तर स्वतः दुरुस्त करीत. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त सरकारी अधिकारी व क्लेमेंट्स हे इंग्रज न्यायाधीश त्या वेळी आपल्या संगीतातील बावीस श्रुतींचे मोजमाप करीत होते. एका सप्तकात हे बारीक स्वर नेमके कोठे पडतात, हे गणिताने ठरविण्यास ज्याचा कान व गळा प्रमाण मानता येईल असा गवई त्यांस हवा होता. खाँसाहेबांनी हे साह्य केले. १९१६ साली बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हा ह्या श्रुतींविषयी मोठा वाद झाला. पंडित भातखंडे ह्यांस तो सिद्धान्त मान्य झाला नाही आणि मतभेद मिटला नाही. वादाचा निकाल काहीही असो, पिढीजात तालमीत वाढलेला एक गवई शास्त्राच्या परीक्षेस आपण होऊन उभा राहिला, ही गोष्ट लहान नव्हे.

दुसरी गोष्ट विद्यादानाची. १९१३ च्या सुमारास त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढले आणि पुण्यास त्याची भरभराट झाली. शिष्य तेथेच राहत, तेथेच जेवत आणि पहाटेपासून षड्ज लावून बसत. कुंदगोळचे रामभाऊ, जे पुढे सवाई गंधर्व म्हणून प्रसिद्धीस आले, ते खाँसाहेबांचे सर्वांत नामांकित शिष्य. बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी, दशरथबुवा मुळे व रोशन आरा बेगम हीही त्यांच्याच शिष्यपरिवारातील नावे होत. जी विद्या घरातल्या मुलांस देतानाही उस्ताद हात आखडता घेत, ती खाँसाहेबांनी परक्यांच्या मुलांस दिली. आमच्या बालवाचकांस मौज वाटेल अशी एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. खाँसाहेबांपाशी टिपू नावाचा एक कुत्रा होता, आणि त्याला त्यांनी सुरात सूर मिळविण्यास शिकविले होते. ग्रामोफोन कंपनीच्या तबकडीवर कर्ण्यापाशी बसलेल्या कुत्र्याचे चित्र असे. तो कुत्रा केवळ ऐकत होता, खाँसाहेबांचा टिपू गातही होता!

तिसरी गोष्ट दक्षिणेकडील प्रवासाची. म्हैसूर, मद्रास व आंध्र ह्या प्रांतांत त्यांच्या फेऱ्या होत, आणि म्हैसूरच्या दरबारात त्यांचा मोठा आदर झाला. उत्तरेचे बहुतेक उस्ताद कर्नाटक संगीताकडे परके म्हणून पाहत असता, खाँसाहेब शिष्याच्या नम्रतेने ते शिकले. सरगम म्हणण्याची दक्षिणेची लकब त्यांनी आपल्या ख्यालात आणली आणि आभोगीसारखा दक्षिणेचा राग उत्तरेच्या थाटात गायिला.

ह्या काळात दुःखही पुष्कळ आले. १९२२ च्या सुमारास ताराबाई मुलांसह वेगळ्या झाल्या. पुण्याचा संसार व त्याबरोबर विद्यालयाचा पसाराही आवरला गेला, आणि खाँसाहेब मिरजेस परतले. त्या मुलांनी पुढे नवी नावे लावली व स्वतंत्रपणे कीर्ती मिळविली. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर व सरस्वतीबाई राणे ही ती भावंडे. ह्यांतील हिराबाई व सरस्वतीबाई ह्या बहिणींनी पुढे जोडीने गाण्याचे कार्यक्रम केले. पित्याने ज्या वयात भावासह जोडीने गाणे सुरू केले होते त्याची आठवण व्हावी, असाच हा योग होय. स्त्रियांनी मैफलीत अशी जुगलबंदी करावी ही त्या काळी नवलाची गोष्ट होती.

१९३४ साल उगवले तेव्हा खाँसाहेब एकसष्ट वर्षांचे झाले होते. मधल्या काळात मुद्रणाची विद्या पालटली होती. १९२५ पासून विजेच्या ध्वनिक्षेपकाने मुद्रण होऊ लागले होते, आणि कर्ण्यात ओरडण्याची गरज उरली नव्हती. गवयाचा हलका निःश्वासही आता मेणावर उमटू शकत होता. खाँसाहेबांच्या गाण्याला असेच यंत्र पाहिजे होते. ओडियन कंपनीसाठी त्यांनी गावयास आरंभ केला, आणि त्यानंतरच्या तीनचार वर्षांत ज्या तबकड्या निघाल्या, त्यांवरच आज त्यांचे नाव उभे आहे. वसंत, शुद्ध कल्याण, मारवा, ललित, गुजरी तोडी, आभोगी असे राग त्यांत आहेत. झिंझोटी व भैरवी ह्या रागांतील ठुमऱ्या आहेत. संत त्यागराजांची कर्नाटकी कृती आहे. मानापमान नाटकातील मराठी पदेही आहेत. उत्तरेत जन्मलेला मुसलमान गवई मराठी रंगभूमीचे पद आणि तेलुगु भक्ताची रचना एकाच प्रेमाने गातो, हे ऐकल्यावर गाण्याला प्रांत व पंथ कोणता, हा प्रश्नच मनात उरत नाही.

ह्या तबकड्यांतील विशेष कोणता? तीन मिनिटांचा अवधी पाहून दुसरा गवई घाई करील, आपल्याला येते ते सर्व त्यात कोंबू पाहील. खाँसाहेब घाई करीत नाहीत. पहिला षड्ज ते असा लावतात की पुढे कितीही वेळ मोकळा आहे असे वाटावे. थोडा आलाप, चिजेचे मुखडे, मध्येच सरगमेची एक लड, मोजक्या ताना, आणि पुन्हा समेवर विसावा. एवढ्यात रागाचे रूप पुरे उभे राहते. कोणते स्वर गावे ह्यापेक्षा कोणते गाळावे, हे ज्याला कळले त्यालाच असे साधते, आणि ते कळण्यास आधीची तीस वर्षे खर्ची पडली होती. त्यांचा आवाज बारीक, किंचित अनुनासिक, पण विलक्षण आर्त होता. काही जाणत्यांस तो पुरुषी वाटत नसे, आणि लयीच्या खेळापेक्षा स्वराकडेच त्यांचा ओढा अधिक, असाही आक्षेप घेतला जाई. हे आक्षेप सर्वस्वी निराधार होते असे आम्ही म्हणणार नाही. परंतु जो स्वर एकदा लागला की ऐकणाऱ्याचे बोलणे आपोआप थांबते, त्याच्यापुढे आक्षेपांचा जोर फारसा चालत नाही.

ह्या तबकड्यांचा प्रसार पाहता पाहता झाला. झिंझोटीतील त्यांची ठुमरी १९३५ सालच्या देवदास ह्या हिंदी बोलपटात कुंदनलाल सैगल ह्यांनी गायिली, आणि ज्यांनी मैफलीचे तोंडही पाहिले नव्हते त्यांच्या ओठांवर ती आली. गदग येथे एक शाळकरी मुलगा दुकानात वाजणारी खाँसाहेबांची तबकडी ऐकून वेडावला, असेच गाणे आपणास आले पाहिजे म्हणून घर सोडून गुरूच्या शोधार्थ निघाला, आणि पुष्कळ भटकल्यावर खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व ह्यांच्या दारी आला. तोच मुलगा पुढे पंडित भीमसेन जोशी म्हणून जगद्विख्यात झाला व भारतरत्न ह्या पदवीस पोचला. घर सोडण्याचा कित्ता आमच्या विद्यार्थ्यांनी गिरवावा असे आम्ही सुचवीत नाही. पण तीन मिनिटांच्या एका तबकडीत केवढे सामर्थ्य असू शकते, हे त्यावरून कळावे.

आमच्या पेण व रोहे ह्या भागास तर तबकडीचे मोल विशेष होते. त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्याच्या ह्या भागात आगगाडी स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षांनी आली. त्यापूर्वी मुंबईहून धरमतरपर्यंत बोटीने यावे आणि पुढे मोटारीने किंवा बैलगाडीने जावे, असा प्रवास होता. दरबारांचे व मोठ्या शहरांचे आमंत्रण असलेला गवई कुंडलिकेच्या काठच्या खेड्यात कोठून येणार? तबकडी मात्र ट्रंकेत कपड्यांच्या घडीत बसून कोठेही येऊ शकत होती. ग्रामोफोनला वीज लागत नसे. किल्ली द्यावी, नवी सुई बसवावी, की कंदिलाच्या उजेडातही गाणे सुरू होई. लग्नमंडपात व उत्सवांत कर्णा लावून तबकड्या वाजविण्याची चाल महाराष्ट्रात सर्वत्र पडली ती ह्यामुळेच. राजेरजवाड्यांच्या बैठकीत बसण्याचा मान ज्यांस कधी मिळाला नसता, त्यांच्या ओटीवर राजगवयाचा स्वर येऊन पोचला.

ह्याच्या उलट बाजूही पाहिली पाहिजे. भास्करबुवा बखले हे त्याच काळातील थोर गवई. त्यांचे देहावसान १९२२ साली झाले. गानसम्राट म्हणून गाजलेले अल्लादियाखाँ १९४६ पर्यंत होते. ह्या दोघांच्या गाण्याची एकही तबकडी आज आपल्यापाशी नाही. त्यांचे शिष्य गायिले, त्यांच्या आठवणी लोकांनी लिहिल्या. पण त्यांचा स्वतःचा स्वर कायमचा गेला. खाँसाहेबांनी १९३४ साली, आता म्हातारपणी हा खटाटोप कशाला, असे म्हटले असते, तर त्यांच्याही परिपक्व गाण्याची तीच गत झाली असती. साऱ्या आयुष्याची कमाई शेवटच्या तीनचार वर्षांत सुरक्षित झाली. ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

कारण त्यानंतर फार दिवस उरले नव्हते. १९३७ च्या ऑक्टोबरात खाँसाहेब मद्रासेस गेले होते. तेथून पाँडिचेरीस अरविंदाश्रमात जावे म्हणून ते रात्रीच्या गाडीने निघाले. वाटेत छातीत कळा येऊ लागल्या, तेव्हा सिंगपेरुमाळकोविल ह्या लहानशा स्टेशनावर ते उतरले. फलाटावर अंथरूण घातले गेले. अंतकाळ जवळ आला हे ओळखून त्यांनी तंबोरा जुळविला आणि दरबारी कानड्याच्या सुरांत ईश्वराची प्रार्थना म्हटली, असे सांगतात. तेथेच २७ ऑक्टोबर १९३७ रोजी त्यांनी देह ठेवला. त्यांचा देह मिरजेस आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आला. तेथे उरुसाच्या वेळी त्यांच्या स्मरणार्थ नामांकित गवई आजही हजेरी लावून गातात.

पेणच्या कारखान्यात साच्यातून निघालेल्या मूर्तीस शेवटी कुशल हाताने डोळ्यांची आखणी करावी लागते. तेव्हाच ती मूर्ती आपल्याकडे पाहते असे वाटते. तबकडीचेही तसेच आहे. यंत्र स्वर राखून ठेवते. त्यात जीव पाहण्याचे काम ऐकणाऱ्यास करावे लागते. आज आपणास तबकडीही नको. हव्या त्या घटकेस हवे ते गाणे हाताशी येते, आणि म्हणूनच ते अर्धवट ऐकून टाकून देण्याची सवय जडते. आमच्या विद्यार्थ्यांनी एखाद्या संध्याकाळी वडील मंडळींसह शांत बसावे आणि खाँसाहेबांची झिंझोटी किंवा वसंत आरंभापासून अखेरपर्यंत ऐकावी. तीनच मिनिटे लागतील. त्या तीन मिनिटांमागे साठ वर्षांची तपश्चर्या आहे, हे ध्यानात धरून ऐकले, तर आपल्या वाट्याला आलेल्या थोड्या वेळाचे काय करावे, हा धडाही त्यात सापडेल.